बर्फावरच्या तंबूला कोल्हापुरी स्की : गाळ्यातल्या नोंदी

१८ सप्टेंबर २०२४

विसर्जनाची मिरवणूक आज सकाळपर्यंत चालली. उद्यमनगरातला आमचा वर्कशॉपचा गाळा उघडला तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि कानात ढोल अजून वाजतच होते. तेवढ्यात भाच्याचा फोन. तिकडं मिनेसोटात मध्यरात्र उलटलेली.

"मामा, एक काम आहे. पण हसायचं नाही."

काम असं. हिवाळ्यात तिकडची तळी गोठतात आणि हा पठ्ठ्या त्या गोठलेल्या तळ्यावर तंबू टाकून मासे धरत बसतो. बर्फाला आठ इंची भोक पाडायचं, त्यातून गळ सोडायचा आणि वाट बघायची. वॉलआय नावाचा मासा लागतो म्हणे. तंबू म्हणजे आपल्या पावसाळी तंबूसारखा नाही. खाली प्लास्टिकची उथळ, भलीमोठी परात, तिच्यातच दोन खुर्च्या बसवलेल्या, आणि वर बाबागाडीच्या टपासारखं मागून पुढं उलटणारं जाड कापड. जागेवर पोचलं की टप ओढला, झाली खोली. जाता-येता सगळं सामान त्याच परातीत भरायचं, दोर कमरेला बांधायचा आणि ओढत न्यायचं. या परातीलाच स्लेज म्हणायचं.

अडचण ओढण्यातच आहे. ताजा बर्फ ढोपरभर पडला की परातीचं तोंड तो पुढं ढकलत नेतं. त्याहून वाईट प्रकार दुसरा. गोठलेल्या थरावर नवा बर्फ साठला की त्याच्या वजनानं थर दबतो, फटींतून तळ्याचं पाणी वर येतं आणि भुसभुशीत बर्फाखाली चिखल होतो. वरून काही कळत नाही. परात त्यात गेली की बूड ओलं होतं, आणि थांबलं की ते जागेवर गोठतं.

चिखल म्हटल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो. बर्फ आपण फक्त लस्सीत बघितलाय, पण चिखल आपल्याला कळतो.

त्याला परातीखाली स्की, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्ट्या, लावून पाहिजेत. तिकडं लोक जुन्या स्की आणि लाकडी पट्ट्या जोडून असा सांगाडा घरीच करतात, त्याला स्मिटी स्लेड म्हणतात. मी विचारलं, मग तूपण कर की, मामा कशाला? तर म्हणाला, जुन्या स्की मिळतात त्या अरुंद, जेमतेम तीन बोटं रुंदीच्या, ताज्या बर्फात रुततात. रुंद हव्यात. आणि त्याच्याकडं हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर सोडून हत्यार नाही.

दिवाळीला येणार आहे. जाताना घेऊन जाईन म्हणतो.

२३ सप्टेंबर, सोमवार

गाळ्याला सुट्टी. घरीच वही घेऊन बसलो.

मापं इंचांत आली, ती सेंटिमीटरमध्ये केली. परात १६५ बाय ९४. सामानासकट वजन साधारण ७५ किलो. हे वजन परातीच्या सगळ्या बुडावर पसरलं तर एका चौरस सेंटिमीटरवर पाच ग्रॅमसुद्धा येत नाही. इतक्या हलक्या दाबाची वस्तू रुतणार नाही हे उघड आहे. मग ती जड का जाते? कागदावर चित्र काढलं तेव्हा लक्षात आलं, अरे, हा तर मैंद! ढेकळं फोडून रान सपाट करायला बैलांमागं जो मैंद ओढतात तोच. त्याचं कामच पुढची माती ढकलणं. भाचा तळं सपाट करत चाललाय.

स्कीचा हिशेब उलटा. १५ सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर टेकणाऱ्या दोन पट्ट्या धरल्या, सांगाड्याचं वजन मिळवलं, तर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ २० ग्रॅम. म्हणजे दाब चौपट. रुतणार, पण थोडं, आणि रुतताना बर्फ दाबून आपली वाट आपणच करणार. माणसाच्या एका बुटाखाली हाच आकडा पाव किलोवर जातो. तेव्हा भाचा रुतला तरी गाडी रुतायची नाही.

आता उंची. स्की पाच-सहा सेंटिमीटर रुतली तरी परातीचं बूड बर्फाला लागू नये, म्हणून मध्ये बारा सेंटिमीटर मोकळे ठेवायचे. पण इथं गोची आहे. तंबू उंचावर राहिला तर खालून वारं शिरणार, आणि उणे वीसमध्ये वारं शिरलं तर तंबूला अर्थ काय? म्हणजे स्की परातीला कायमच्या ठोकता येत नाहीत. शिवाय भाच्यानं आधीच बजावलंय, परातीला एकसुद्धा भोक पाडायचं नाही. भोक पडलं की पाणी आत.

म्हणून ठरलं : स्कीचा सांगाडा वेगळा, परात त्यावर नुसती ठेवायची, पट्ट्यांनी आवळायची. जागेवर पोचलं की पट्टे सोडून परात बर्फावर उतरवायची. बैलगाडीवरून कणगी उतरवतात तशी.

२९ सप्टेंबर

गाळ्यामागं शेतीच्या पीव्हीसी पाईपचा १६० मिमीचा तुकडा पडून होता. भाऊसाहेबांच्या मळ्यातली पाणी उचलायची जुनी लिफ्ट काढली तेव्हाचा. उभा चिरला, हिटगननं गरम करत करत उलगडला आणि दोन प्लायच्या मध्ये दाबून वर गिअरबॉक्सचं जुनं घरटं ठेवलं. पाईपचा परीघ ५० सेंटिमीटर, म्हणजे एका तुकड्यात १५ सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या. खर्च शून्य. पुढचं टोकही हिटगननंच वर वळवलं, अगदी कोल्हापुरी चपलेच्या नाकासारखं.

दिसायला इतकी सुबक की पोऱ्यानं फोटो काढून ठेवला. मीपण काढला.

१ ऑक्टोबर

सुबक गेली.

आमचा टर्नर म्हणाला, थंडीत कशी राहते बघूया तरी. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये तळाशी रात्रभर ठेवली. फ्रीझर उणे अठराला होता. सकाळी फडक्यात गुंडाळून पळत गाळ्यात आणली आणि व्हाइसमध्ये धरून अर्ध्या किलोच्या हातोडीनं एक ठोका दिला. जोरात नाही, दार ठोठावतो तेवढा. टोक तुटून लेथखाली गेलं. तुटलेल्या कडेला ना वाक ना ओरखडा, पापड मोडावा तशी स्वच्छ मोड.

त्याच पाईपचा न थंड केलेला तुकडा व्हाइसमध्ये धरला. चार ठोके घातले, वाकला, पांढरा पडला, तुटला नाही.

पीव्हीसी थंडीत ठिसूळ होतं हे वाचून माहीत होतं. माहीत असणं आणि लेथखाली वाकून तुकडा शोधणं यात फरक आहे. आमच्या गाळ्यात थंडी म्हणजे डिसेंबरात सकाळी हात चोळणं. आजवर एकही वस्तू करताना 'ही गोठली तर?' असा प्रश्न पडलेला नाही.

त्याच धाकात लोखंडी सांगाड्याचा बेतही बदलला. साधं पोलाद खूप थंडीत धक्क्याला कच्चं पडतं. ॲल्युमिनियमला ती खोड नाही, आणि वजनही तिसरा हिस्सा. चाळीस बाय चाळीसची चौकोनी ट्यूब, दोन मिमी जाडीची. मीटरला ८०० ग्रॅमच्या थोडं वर.

५ ऑक्टोबर

प्लास्टिकच्या दुकानात. एचडी शीट म्हणजे एचडीपीई नावाचं चिवट प्लास्टिक, १२ मिमी जाड, पांढरी. यूएचएमडब्ल्यूपण होती, त्याच प्लास्टिकची जास्त चिवट जात. ती तर आणखी चांगली, विकतच्या स्कीचा तळ याच जातीच्या प्लास्टिकचा असतो, आणि आपल्याकडं जिथं माल घसरत न्यायचा तिथं हीच अस्तर म्हणून लावतात. पण भाव ऐकून एचडी घेतली. एचडीपीई उणे सत्तरपर्यंत ठिसूळ होत नाही. मिनेसोटा कितीही गारठलं तरी तिथवर जात नाही.

तरीपण फ्रीझर, व्हाइस, हातोडी सगळं पुन्हा केलं. दहा ठोके. हातोडीच उसळून परत येते.

विमानाचा हिशेबही आज झाला. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर आणि वजन २३ किलो. म्हणजे पावणेदोन मीटरची स्की अखंड नेता येणार नाही. दोन तुकडे करायचे, ९८ आणि ९२, मध्ये १५ सेंटिमीटरचा सांधा.

१२ ऑक्टोबर, दसरा

मशिनींना झेंडूच्या माळा. आज काम नाही. ड्रिलमशिनच्या पुजेला टेकून दोन पांढऱ्या पट्ट्या उभ्या होत्या, पोऱ्यानं त्यांनाही हळदीकुंकू वाहिलं. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या चौघांनी विचारलं हे काय, आणि चौघांनाही पूर्ण गोष्ट सांगावी लागली. चौथ्याला सांगताना मी ती 'एका एक्स्पोर्टच्या ऑर्डरची वस्तू आहे' म्हणून संपवली.

१५ ऑक्टोबर

वाईट दिवस.

पुढचं टोक वळवायचं तर एचडी गरम करावी लागते, आणि हिटगन १२ मिमीला पुरी पडत नाही. वरचं कातडं वितळतं, आतलं थंडच. म्हणून एका पावडर कोटिंगवाल्याला विनंती केली, तुझी भट्टी संध्याकाळी निवत असते तेव्हा माझ्या दोन पट्ट्या अर्धा तास ठेव. १३० अंशांच्या पुढं जायचं नाही हे तीनदा सांगितलं. हो हो म्हणाला. मग त्याला अर्जंट माल आला आणि त्यानं भट्टी पुन्हा पेटवली, माझ्या पट्ट्या आतच.

मी पोचलो तेव्हा पट्ट्या रॅकच्या दोन दांड्यांवर वाळत घातलेल्या धोतरासारख्या लोंबत होत्या. खालच्या टोकाला थेंब धरलेला.

तो म्हणतो, "तुमी म्हणलासा की गरम करायची हाय." त्याला काय बोलणार? दुसऱ्याच्या चुलीवर आपलं कालवण ठेवायचं म्हटल्यावर लक्ष आपणच ठेवायला पाहिजे. शीट वाया, साडेतीन किलो. पुन्हा दुकानात.

१९ ऑक्टोबर

टर्नरची अक्कल. अख्खी पट्टी तापवायची गरजच काय? फक्त टोक तापवा. गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घेतला, आडवा ठेवला, तोंडातून स्कीचं टोक आत सरकवलं आणि मागच्या बाजूला भोक पाडून हिटगनचं नाक घातलं. तोंडाला ग्लासवूल कोंबलं. झाली भट्टी. पट्टी डब्याच्या पत्र्याला लागू नये म्हणून खाली विटेचे दोन तुकडे.

मग बसून राहायचं. वीस मिनिटं काहीच नाही. पंचविसाव्या मिनिटाला कडेपासून रंग बदलायला लागला. पांढरी शीट हळूहळू दुधी, मग धुरकट, मग चक्क पारदर्शक. साबुदाणा शिजताना बाहेरून काचेसारखा होतो आणि मध्ये पांढरा ठिपका राहतो ना, तसंच. कड काचेची, मध्ये पांढरी रेघ, आणि ती रेघ बारीक बारीक होत जाते. रेघ गेली की आतपर्यंत तापलं. थर्मामीटर लागतच नाही. रंगीत शीट घेतली असती तर हे कळलं नसतं, पांढरी घेतली ती निव्वळ दुकानात तीच होती म्हणून.

चाळिसाव्या मिनिटाला रेघ गेली. दोघांनी चामड्याचे हातमोजे घालून टोक बाहेर काढलं, बारा इंची सिमेंट पाईपच्या तुकड्यावर दाबलं आणि वरून पत्र्याची पट्टी टाकून शिकंजे आवळले. घाई केली नाही. रात्रभर तसंच ठेवलं.

२० ऑक्टोबर

शिकंजे सोडले. पन्नास अंशांना वळवलेलं टोक जरा मागं उलगडून चाळीसच्या आसपास थांबलं. मला पस्तीस ते चाळीस हवंच होतं, पण हे नशीब, हुशारी नव्हे. दुसरी पट्टीही त्याच मापानं केली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर बोटभर फरक आहे. भाच्याला सांगणार नाही.

सांधा आज झाला. एकावर एक तुकडा ठेवला तर १२ मिमीची पायरी होते, म्हणून सुतार करतात तसा अर्धा-अर्धा सांधा मिलिंगवर काढला. पुढच्या तुकड्याची जीभ खाली, मागच्याची वर. कौलं घालतानाही असंच, पाणी जिकडं वाहतं तिकडं वरचं कौल खालच्यावर. मागच्या तुकड्याची पुढं येणारी खालची कड तासून उतरती केली, नाहीतर तीच फाळासारखी बर्फात घुसली असती.

२४ ऑक्टोबर

या कामातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच, म्हणून नीट लिहितो.

स्कीवर ॲल्युमिनियमची ट्यूब, ती आठ मिमीच्या स्टीलच्या बोल्टांनी स्कीला धरलेली. भोकं मारायला घेतली आणि सहज डोक्यात आलं की दोन्ही वस्तू थंडीत आक्रसणार, पण सारख्या नाही. एचडी मीटरला दर अंशामागं साधारण ०.१५ मिमी आक्रसते. ॲल्युमिनियम ०.०२३. आज गाळ्यात ३० अंश आहेत. तिकडं उणे ३० धरू. फरक ६० अंशांचा.

पावणेदोन मीटरची स्की ६० अंशांत जवळजवळ १६ मिमी आखूड होते. वरची ट्यूब अडीच मिमीसुद्धा नाही. म्हणजे १३ मिमीची ओढाताण, आणि ती बोल्टांच्या भोकांवर. स्की वाकेल नाहीतर भोकं फाटतील. काहीही न उचलता, न आदळता, गॅरेजमध्ये उभ्या उभ्या.

मी तीनदा हिशेब केला. चाळीस वर्षं ऑइल इंजिनचे आणि पंपांचे पार्ट करतोय, मिमीचा शंभरावा भाग बघतो, आणि इथं भूगोलानंच तेरा मिमी खाल्ले!

उपाय सोपा आहे. प्रत्येक तुकड्याच्या मधला बोल्ट घट्ट, गोल भोकात. दोन्ही टोकांचे बोल्ट लांबट खाचेत, दोन्हीकडं चार-चार मिमी मोकळे. मधल्या बोल्टपासून टोकाचा बोल्ट ४२ सेंटिमीटरवर, तिथं सरक सव्वातीन मिमीपर्यंत येते. चार पुरतील. बोल्टांची डोकी तळाच्या वर यायला नकोत म्हणून खालून ६ मिमी खोल कप्पे काढले, तेही लांबट. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सैल ठेवले तरी आपोआप न सुटणारे. पूर्ण आवळायचे नाहीत, हातानं ट्यूब हलवली तर जरा कुरकुरली पाहिजे.

स्की दोन तुकड्यांत केली ती विमानाच्या बॅगेसाठी. तिनंच निम्मी ओढाताणही वाटून घेतली. ठरवून केलं असतं तर स्वतःची पाठ थोपटली असती.

२८ ऑक्टोबर, सोमवार

भाचा काल आला. आज सुट्टी असून गाळा उघडला.

बर्फाच्या कारखान्यातून चार लाद्या आणल्या, भुश्यात गुंडाळून टेम्पोतून. गाळ्यासमोर फरशीवर ओळीनं मांडल्या, फटींत बर्फाचा चुरा भरला. बघायला अर्धं उद्यमनगर. एका स्कीवर ५० किलोची वाळूची पोती बांधली आणि ताणकाटा लावून ओढली. काटा अडीच ते तीन किलोच्या मध्ये हलत होता. पन्नास किलो, तीन किलोच्या ओढीवर! चहावाल्याच्या पोरानं एका बोटानं ओढून दाखवली, मग प्रत्येकालाच ओढायची होती.

भाचा बाजूला उभा राहून हसत होता. म्हणाला, "मामा, हा बर्फ वितळतोय. वर पाणी आहे म्हणून पळतीय. उणे पंचवीसला पाणीच नसतं. बर्फ वाळूसारखा होतो, पाय ठेवला की कर्रकर्र वाजतो."

तासाभरात लाद्या गटारात गेल्या. आकडा वहीत लिहिला आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आक्का ओवाळायला आली ती ताट खाली ठेवून सांगाड्याकडंच बघत बसली. तिला आजवर वाटत होतं, पोरगा तळ्याच्या काठावर बसून मासे धरतो. तळ्यावर चालत जातो हे तिला आज माझ्याकडून कळलं. चूक माझीच. भाच्यानं समजावलं की तिकडचं सरकारी खातं चालत जायला निदान चार इंच स्वच्छ, टणक बर्फ हवा म्हणून सांगतं, तो स्वतः सहा इंच असल्याशिवाय जात नाही, जाताना जागोजागी भोक पाडून मोजतो, आणि तंबूत गॅसची शेगडी लावली की वरची झडप उघडी ठेवतो. "शेगडी?" आक्का म्हणाली. "बर्फावर शेगडी?" शेगडीचं सांगायला नको होतं.

५ नोव्हेंबर

वाळूसारखा कोरडा आणि भुसभुशीत बर्फ कोल्हापुरात कुठं मिळणार? गुऱ्हाळावर. चिपाडं वाळत घातलेली होती, गुडघ्याला लागतील एवढी. हलकी, कोरडी, दाबली की बसणारी. मालक मित्रच.

तुलनेसाठी परात हवी, म्हणून पाण्याच्या जुन्या टाकीचा प्लास्टिकचा पत्रा कापून, पुढची कड वळवून परातीएवढा केला. वजन म्हणून गुळाचे तीस किलोचे दोन रवे आणि दहाचा एक. बाकीचे पाच किलो म्हणून भाच्याची हातबॅग.

नुसता पत्रा : सुरुवातीला २२ किलोची ओढ, दहा पावलांत ३० च्या पुढं. चिपाडांचा ढीग पुढं साठत गेला, मैंदासारखाच. स्कीवर ठेवल्यावर : १३ ते १५, आणि दहा पावलांनंतरही तेवढीच. मागं दोन सपाट पट्टे उमटले, मध्ये चिपाडं जशीच्या तशी उभी. ते दोन पट्टे बघून जे समाधान झालं ते बर्फाच्या लादीवर झालं नव्हतं.

मग उसाच्या पाण्यात भिजलेल्या सरीत घातलं. स्की चिखलात अडकली नाही, पण थांबवून पाच मिनिटांनी ओढली तर पहिला झटका मोठा लागला. चिखल तळाला चिकटून बसतो. भाचा म्हणाला, तिकडं हेच गोठतं. त्यावर थांबताना स्कीखाली दोन लाकडी दांडकी सरकवायची असं ठरलं. साडेतीन फुटी दांडकी बॅगेत मावत नाहीत, तिकडंच घे म्हटलं.

कडेला बर्फ पकडायला खाली धातूची उभी पट्टी लावायची का, यावर बोलणं झालं. बर्फावर पळणाऱ्या गाडीमागं बांधायचं असेल तर लागते, नाहीतर वळणावर सांगाडा बाजूला झुलतो. हा चालत ओढणार. राहू दे.

चहाऐवजी काकवी. भाच्यानं दोन वाट्या खाल्ली.

९ नोव्हेंबर

बांधाबांध. सांगाडा सुटा करून पुठ्ठ्याच्या खोक्यात, ९९ बाय ३५ बाय २०. बेरीज १५४. वजन १५ किलो ३००. उरलेल्या जागेत आक्कानं चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि दोन किलो तांबड्याचा मसाला भरला. आता वजन २२ किलो ८००. विमानतळावर कुणी उघडून बघितलं तर या वस्तूचं काय वर्णन करायचं यावर बराच खल झाला. शेवटी भाच्यानं खोक्यावर लिहिलं : क्रीडासाहित्य.

१२ जानेवारी २०२५

दोन महिने शांतता, आज फोटो आले. यंदा बर्फ उशिरा धरला म्हणतो.

सांगाडा बर्फावर उभा आहे. मागं सगळं पांढरं, आभाळही पांढरं, आणि मध्ये आमची ॲल्युमिनियमची ट्यूब, जिच्यावर टर्नरच्या हातची खडूची खूण अजून आहे. अर्धा मैल ओढत नेला. पूर्वी तीनदा थांबायला लागायचं, आता एकदाही नाही. रस्ता धरून नीट मागं येतो म्हणे.

तक्रारी दोन. पहिली : रॅचेटचे पट्टे ओले होऊन गोठले, खटका उघडेना, शेवटी चहाच्या थर्मासमधलं गरम पाणी ओतलं. दुसरी खरी. बोल्टांसाठी खाली जे कप्पे मी काढले त्यांत ओला बर्फ जाऊन बसला, गोठला, आणि तंबूशेजारी सांगाडा दोन तास उभा राहिल्यावर प्रत्येक कप्पा खालच्या बर्फाला खुंटी मारल्यासारखा जोडला गेला. बारा कप्पे, बारा खुंट्या. कुदळीच्या दांड्यानं हाणून सोडवावा लागला. दांडकी सरकवायला विसरला होता, तेही कबूल केलं.

बोल्टाचं डोकं तळाला लागू नये एवढंच बघितलं मी. कप्प्यात काय भरेल हे बघितलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांतीचा फोन. उपाय सांगितला : मेण. साध्या मेणबत्त्या वितळव, सांगाडा उलटा ठेव, कप्पे काठोकाठ भर, थंड झालं की पत्त्याच्या पानानं खरवडून सपाट कर. बोल्ट सरकला तर मेणही सरकेल. तो म्हणाला, स्कीला तर तसंही मेण चोळतात मामा. मग मला आधी का नाही सांगितलं?

पट्ट्यांसाठी रॅचेट काढून साधी दाबाची बकल लावणार आहे.

२६ जानेवारी

मेण टिकलं. या खेपेला थर्मामीटर उणे २४ दाखवत होता. चार तास उभा ठेवून एका झटक्यात सुटला, दांडकी घातली होती.

मी एक फोटो मुद्दाम मागितला होता, टोकाच्या खाचेचा, वरून, शेजारी पट्टी ठेवून. आज आला. गाळ्यात बोल्ट खाचेच्या बरोबर मध्ये होता. फोटोत तो बाहेरच्या कडेला जाऊन टेकायला आलाय. शिल्लक एक मिमी, फार तर दीड. वहीतला २४ ऑक्टोबरचा आकडा काढून शेजारी ठेवला. टर्नरला दाखवला, पोऱ्याला दाखवला. पोऱ्या म्हणाला, "म्हंजे प्लास्टिक तितं जाऊन बारकं झालं?" बारकं झालं.

पुढच्या वेळी खाच दोन मिमी लांब. आणि नायलॉकऐवजी मोठ्या पाकळ्यांचे नट, कारण तिथं हातमोजा काढून पाना धरता येत नाही.

पुढची वेळ म्हणतोय, कारण भाच्याच्या दोन मित्रांनी किंमत विचारलीय. अजून हो म्हटलेलं नाही. तेलाचे दोन डबे मात्र घरी सांगून बाजूला ठेवायला लावलेत.

मासा मिळाला का ते विचारायचं राहिलं.